लेकरू झालेली पिशवी

मित्रांनो, माझ्या आतल्या कप्प्यात तीन महिने एक पत्र पडून होतं. रामलिंगअप्पांनी ते कितीदा वाचलं असेल, पण उत्तर एकदाही लिहिलं नाही. त्या पत्राची हकिकत मला सांगायची आहे. नीट सांगता येईल का, याची मात्र शंकाच आहे.

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. अप्पांच्या पत्नी शिवगंगाबाई यांनी उदगीरला, अप्पांच्याच जुन्या पँटच्या कापडातून मला शिवलं. अप्पा तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होते. बांधणीला जाणारी पुस्तकं मी वाहिली, बाजारातली तूरडाळ वाहिली. "कापड लई दणकट हाय," असं दुकानदार म्हणायचे. पुढे घरात चकचकीत पिशव्या आल्या आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. बाई वारल्या, तेव्हा अप्पांनीच मला पुन्हा खाली काढलं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे कबूल करते. ज्यानं त्यानं आत हात घालून चाचपायचं आणि काही हरवलं की पहिली झडती माझीच घ्यायची. असं आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार?

पत्र लातूरच्या सुकन्या नावाच्या मुलीचं होतं. अप्पांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकच नाटक लिहिलं होतं. एक बाई तान्हं लेकरू घेऊन मुदखेड स्टेशनच्या फलाटावर नवऱ्याची वाट बघते. गाडी येते, पण तो उतरत नाही. उदगीरला त्याचा एकच प्रयोग झाला. शेवटी बाईचं लांबलचक भाषण सुरू झालं आणि लोक हसले. त्यानंतर अप्पांनी नाटक म्हणून एक ओळ लिहिली नाही. आता सुकन्याला तेच नाटक स्पर्धेत करायचं होतं. लेखकाची लेखी परवानगी येत्या शनिवारपर्यंत तिच्या हाती आली नाही, तर तिच्या गटाचा प्रवेश रद्द होणार होता.

"पुन्हा हसायलाच हे नाटक करत असतील," अप्पा मला खांद्याला अडकवताना पुटपुटले. मलाही तसंच वाटलं. गुरुवारी कुणाला न कळवता आम्ही लातूरची एसटी धरली.

पत्रातल्या पत्त्यावर गेलो, तर तालीम एका कोचिंग क्लासच्या खोलीत चालायची. दुपारी दोन बॅचच्या मधे ती खोली तास-दीड तास रिकामी असायची. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं तशीच होती आणि फरशीवर खडूनं फलाट आखला होता.

"नाटकाची आवड आहे. मागं बसू का?" अप्पांनी विचारलं. नाव सांगितलं नाही.

स्टेशनमास्तरचं काम करणारा भुजंग पुढे आला. "कोन्त्या गटाचे म्हणायचे, काका?"

"कुठल्याच नाही."

"नांदेडवाल्यांनी धाडलं न्हाई ना? त्यांचा मानूस परवा बिलोलीच्या गटाची तालीम बघून गेला म्हणं."

"भुजंग, बसू दे त्यांना," सुकन्या म्हणाली.

"बसू दे की. मी लक्ष ठेवून राहिलोय."

म्हणजे आम्हाला त्यांचा संशय आणि त्यांना आमचा.

बाईचं काम करणारी उज्ज्वला मात्र थेट अप्पांपाशी आली. "काका, पिशवी देता का जरा? लेकरू पायजे. रोजची उशी आज घरीच राहिली." अप्पांना नाही म्हणता येईना. तिनं मला उचललं, तसं कप्प्यातलं पत्र खाली पडलं. सुकन्यानं ते घेतलं. अक्षर तिचंच! तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून चष्मा पुसत होते. तिनं पत्र पुन्हा माझ्यात सरकवलं.

आता बघा, मी मनात म्हटलं, ही पोरगी अप्पांना ऐकू जाईल अशी गोडगोड स्तुती करणार.

शेवटचा प्रवेश त्यांनी तीनदा केला. तिसऱ्यांदा उज्ज्वला मधेच थांबली. "ताई, हे भाषण सुरू झालं की माझं रडूच वाळून जातंय."

"लोकं हसतील," भुजंग म्हणाला.

अप्पांची मान आणखी खाली गेली. सुकन्यानं हातातली वही मिटली. मग स्पष्ट म्हणाली, "वाक्यं जास्त झालीत. लिहिणाऱ्याचा या बाईवर भरवसा नव्हता. ती काही बोलली नाही तरी लोकांना कळेल."

"मग कापू?"

"लेखकाला विचारल्याशिवाय एक शब्दही कापायचा नाही. आत्ता फक्त गप्प राहून बघ."

खडूच्या फलाटावरून गाडी गेली. उज्ज्वला बोलली नाही. तिनं मला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि वारा लागू नये म्हणून ओढणीनं माझं तोंड झाकलं. इतकी वर्षं मला लोकांनी आतल्या सामानासाठी उचललं होतं. त्या दिवशी मी रिकामी होते, तरी ती मला जपत होती. भुजंग आपलं वाक्य विसरला. अप्पांनी पुसलेला चष्मा पुन्हा काढला.

निघताना सुकन्यानं मला त्यांच्या हाती दिलं. "पत्र आत आहे, अप्पा. शनिवार विसरू नका."

"तुला माहीत होतं?" अप्पा दचकले. "आणि तरी माझ्यासमोर तसं बोललीस?"

"तालीम हाय ही, अप्पा. पाहुणचार न्हाई."

"म्हंजे हेच लेखक?" भुजंगनं कपाळावर हात मारला आणि वही पुढे केली. "मग हितंच लिवून द्या की!"

"चार लोकांसमोर मला लिहिता येत नाही," अप्पा कसेबसे म्हणाले. "टपालानं पाठवतो."

"आज गुरुवार हाय, अप्पा!" भुजंग म्हणाला.

बाहेर चौकात डावीकडे बसस्थानक, उजवीकडे टपाल कार्यालय. अप्पा बराच वेळ उभे राहिले. ते डावीकडे वळणार, याची मला खात्रीच होती. ते उजवीकडे वळले. टपालाच्या खिडकीतल्या बाईंचं पेन मागून, दोन कागद फाडून तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं: 'परवानगी आहे. शेवटचं भाषण काढावं. ते बाईचं नव्हतं, माझ्या भीतीचं होतं.'

मित्रांनो, दारामागे एखादी जुनी पिशवी लटकत असेल तर तिला फेकू नका. उसवली असेल तर दोन टाके घाला आणि तिचे कप्पेही बघा. कुणीतरी उत्तरासाठी थांबलेलं असू शकतं.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "हे तर इथलंच हाय, बाबा. पाच मिनटांवर. हातानं देऊन या की."

"नको. स्पीडपोस्टनंच जाऊ द्या. उद्या मिळेल ना?"

"हाव, मिळंल."

पाकीट ढिगात पडलं. अप्पांचा हात पुन्हा खिडकीत गेला. घेतलंच यांनी परत, असं मला वाटलं. पण ते बाईंचं पेन परत देत होते.