शनिवारी लिहिलेली एकतीस नावं

मी एक जुना शाईचा पेन आहे. टोपण चिरलंय, नीब झिजलीय, पण बोलायची खोड काही गेली नाही. तेव्हा ऐका, मित्रांनो.

माझे मालक हस्केल गुरुजी वरसोलकर, सुरतच्या मराठी शाळेतले शिक्षक. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. सुरतेत त्यांच्या समाजाची जेमतेम सात-आठ घरं. सणाला सगळी गुरुजींच्या दोन खोल्यांत जमत. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, सगळं गुरुजींनीच निस्तरायचं. उरल्या वेळात ते सुरतेतल्या ज्यूंचा इतिहास लिहीत. म्हणजे राबायचो मी, नाव त्यांचं!

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांना लिहायला बंदी. तो त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. पण मी समोर दिसलो की त्यांचे हात शिवशिवायचे. म्हणून दर शुक्रवारी दुपारी ते मला नवागाम वस्तीत सरलाबाईंकडे ठेवायला देत. सरलाबाई खानदेशातल्या, घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या. गुरुजी बायकांसाठी वर्ग चालवत, त्यात त्या चाळिशीत अक्षरं शिकल्या होत्या. शनिवारभर मला घेऊन गिरवत बसत. काय ते दाबून लिहिणं! माझी नीब त्यांनीच फाकवली. मला राग यायचा, कशाला खोटं बोलू?

चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ आली. माणसं मिळेल त्या गाडीने गावी पळाली. सरलाबाईही गेल्या. गुरुजी राहिले. रोज पाच-सहा पोस्टकार्डं लिहायचे, की वर्ग बंद नाही, साथ ओसरली की परत या. बाया परत आल्या. तेव्हा मात्र माझी छाती फुगली.

दोन वर्षांनी खरी कसोटी आली. शहराच्या कडेला ज्यूंचं एक जुनं कब्रस्तान होतं. गुरुजींच्या नात्यातलं तिथे कुणीच नव्हतं. दूरदेशाहून आलेले व्यापारी ते. त्या जागेवर गोदाम बांधायचं घाटत होतं. शुक्रवारी संध्याकाळी शाळेचे शिपाई वाल्मिक निरोप घेऊन आले, की उद्या पंचनामा आहे. जागा बेवारस ठरली की दगड उखडणार. जाता जाता ते सरलाबाईंनाही सांगून गेले.

शनिवारी गुरुजी पायी तिथे गेले. सरलाबाई आधीच हजर होत्या, मी त्यांच्या पिशवीत. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, इथे कोण पुरलंय आणि देखभाल कोण करतं, ते आत्ता लिहून द्या. गुरुजींनी हात जोडून एक दिवस मागितला. साहेब ऐकेनात, कागद आजच जाणार होता.

गुरुजींचा चेहरा पार उतरला. धर्म मोडायचा नव्हता आणि दगडही सोडायचे नव्हते. दुसऱ्याला 'माझ्यासाठी लिही' म्हणणंही नियमात बसत नव्हतं. वाचायला मात्र बंदी नव्हती. ते पहिल्या दगडापाशी गेले आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचू लागले.

सरलाबाईंनी माझं टोपण काढलं.

"वाचा, गुरुजी," त्या म्हणाल्या, "मी लिखस."

मोझेल, अझीझा, नाजी... जन्मात न ऐकलेली नावं. बाई दाबून दाबून लिहीत होत्या. त्या दिवशी मी एकदाही कुरकुरलो नाही. एकतीस नावं झाली. राहिला शेवटचा रकाना, देखभाल कोण करतं? ते काही दगडावरून वाचता येणार नव्हतं, आणि गुरुजींचे हात खालीच होते.

"बहन, तुम्हारा कौन है यहाँ?" साहेबांनी विचारलं.

"आते ह्या समदा मन्हाच," सरलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे आता हे सगळे माझेच, आणि रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं: सरलाबाई धुडकू पाटील.

जागेला वारस मिळाला. गोदाम दुसरीकडे गेलं.

गेल्या वर्षी गुरुजी वारले. त्याच कब्रस्तानात, त्या परक्या व्यापाऱ्यांशेजारी निजलेत. सरलाबाईंनी मला फडक्यात गुंडाळून देवाजवळ ठेवलंय. रोज हळदकुंकू वाहतात. पोटातली शाई वाळून गेलीय, त्याचं कुणाला काही नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू अशी पुजत बसू नका. ती वापरा. ती नावं गुरुजींनी नंतर आपल्या इतिहासाच्या वहीत उतरवली होती, ती वही अजून उघडीच आहे. एकतीस नावांखाली बत्तिसावं नाव त्यांचं यायला हवं, पण ते लिहायला सरलाबाईंचा हात धजत नाही. कुणीतरी त्यांना सांगा, मला कोमट पाण्यात धुवा, शाई भरा आणि हवं तेवढं दाबून लिहा. मी तयार आहे.