मधली खुर्ची

जुईच्या घरात गेले कित्येक महिने मराठीतून मराठीत भाषांतर चालू होतं.

म्हणजे असं, की आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "जुई, बाबाला सांग, दूध संपलंय." बाबा तिथेच चार हातांवर टेबलाशी बसलेला असायचा. जपानमध्ये, फुनाबोरीतल्या त्या घरात ओटा आणि टेबल यांच्यात चार हातांपेक्षा जास्त अंतर ठेवायची सोयच नव्हती. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेलेला असायचा. तरी तो मान वर करून जुईकडे बघायचा. मग जुई सांगायची, "बाबा, दूध संपलंय." त्यावर तो म्हणायचा, "आईला सांग, येताना कोम्बिनीच्या दुकानातून आणतो." आणि आईने दूध आणण्याबद्दलचं ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकेपर्यंत भात करपायला लागलेला असायचा.

घराबाहेर पडलं की जुईची दुसरी शिफ्ट सुरू व्हायची. आईला जपानी बेताचंच यायचं. कचऱ्याच्या वाराची नोटीस, दातांचा डॉक्टर, खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार, सगळं जुईच्या तोंडातून आत-बाहेर जायचं. बाबाला ऑफिसमुळे उत्तम जपानी यायचं, पण त्याचा उपयोग काय? तो आईला सांगणार कसा? पंधराव्या वर्षी माणूस थकत नाही असं लोक म्हणतात. त्या लोकांनी एक आठवडा जुईची नोकरी करून बघावी.

अंबू होता तेव्हा असं नव्हतं. अंबू म्हणजे अंबरीष, तिचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत तो गेला. सहा वर्षांचा होता. त्यानंतर घरात त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आधी बोललं की रडू यायचं म्हणून गप्प बसले, आणि मग गप्प बसायचीच सवय लागली.

आता पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आई पुण्याला चालली होती. "सहा महिने राहून येते," असं ती म्हणाली होती. जुईने विश्वास ठेवलाही असता. पण परवा तिने बॅगेत डोकावून पाहिलं, तर स्वेटरच्या घडीत देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ठेवलेला. आईला लग्नात मिळालेला. सहा महिन्यांसाठी कपडे नेतात, लोणच्याची बरणी नेतात. देव कुणी नेत नाही. देव नेला म्हणजे घर नेलं. जुई शाळा संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत, बाबाजवळ राहणार होती. त्यापुढचं काही कुणी ठरवलेलं नव्हतं. किंवा ठरवलं असेल, तर ते अजून भाषांतराला आलं नव्हतं.

अशात शुक्रवारी बाबाने टेबलावर सिनेमाची तीन तिकिटं ठेवली. ऑफिसातल्या हिरानो-साननी दिली होती. रविवार सकाळ, इचिकावातलं एक छोटं थिएटर.

"आईला विचार येते का."

"आई, येतेस का?"

आईने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "कशावर आहे?"

"बाबा, कशावर आहे?"

"माहीत नाही. हिरानो-सान म्हणाले, तिघांनी जा."

आईने तिकीट परत टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "चला. भांडी तरी काय, पुढच्या शनिवारपर्यंतच घासायचीत."

हे वाक्य मात्र जुईने पुढे पोचवलं नाही.

थिएटरमध्ये सगळी मिळून नऊ माणसं होती, त्यातली तीन ही. तिकिटांवर खुर्च्यांचे नंबर होते, पण न सांगता आई एका टोकाला बसली, बाबा दुसऱ्या टोकाला आणि मधली खुर्ची जुईसाठी आपोआप रिकामी राहिली. ती गाडीतही मध्येच बसायची, सोफ्यावरही मध्येच. तिला वाटायचं, आपल्या पाठीवर कुठेतरी 'राखीव' असं लिहिलेलं असणार.

सिनेमा सुरू झाला. समुद्रकाठचं गाव, एक मध्यमवयीन नवरा, त्याची बायको, शिजवलेल्या भाताची वाफ. जुई आईच्या कानाशी लागून कुजबुजत राहिली. "ती म्हणतेय, आज मासळी महाग होती." "तो म्हणतोय, वारा सुटलाय." पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मागे वळून नुसतं पाहिलं. जपानमध्ये तेवढं पुरतं. जुईने आवाज निम्मा केला.

वीसेक मिनिटांनी कळलं, की त्या नवरा-बायकोला एक मुलगी होती. होती.

हिरानो-सान, तुम्ही बघून तरी द्यायचं होतं, असं जुईच्या मनात आलं. आणि लगेच लक्षात आलं, की त्यांनी बघूनच दिलं असणार. तिने डावीकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होता, जबडा घट्ट मिटलेला. उजवीकडे आईने पर्स मांडीवर उभी धरली होती, उठून जायच्या तयारीत असल्यासारखी.

पडद्यावर दहनघराची पांढरी खोली आली. इथे दहनानंतर घरचे लोक अस्थी स्वतः वेचतात. लांब काड्या घेऊन, दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलायची आणि कलशात ठेवायची. खोलीतला काळ्या कोटातला माणूस वाकून काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतोय," जुई कुजबुजली, "की पायांकडून... पायांकडून सुरुवात..."

पुढचं तिला येईना. शब्द सगळे येत होते, आवाज येत नव्हता.

अंबूच्या वेळी तशीच खोली तिने बाहेरून पाहिली होती. आत जाण्याची वेळ आली तेव्हा आई म्हणाली होती, "आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत." बाबा म्हणाला होता, "ठीक आहे." मग आई आणि जुई बाहेरच्या सोफ्यावर बसून राहिल्या. कुणीतरी हिरव्या चहाचे कप आणून ठेवले. आत बाबा गेला, आणि दोन माणसं लागतात म्हणून बाबाबरोबर हिरानो-सान गेले. अस्थी घेऊन बाबा नाशिकला जाऊन आला, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. ते ऑफिसला जाणं आईने आजवर माफ केलेलं नव्हतं.

"पायांकडून सुरुवात करायची," बाबा म्हणाला.

तो जुईच्या पुढून आईच्या दिशेने वाकला होता. त्याचा आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेल्या नळासारखा.

"म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. डोकं वर. उलटा होत नाही."

हे त्या काळ्या कोटवाल्याने म्हटलंही होतं. पण मग पडद्यावर सगळं शांत झालं. नवरा-बायको काड्या घेऊन समोरासमोर उभी, दोघांची तोंडं मिटलेली, नुसता कुठलातरी पंखा घुमत होता. तरी बाबाचं भाषांतर थांबेना.

"एकट्याला उचलता येत नाही ते. दोघांनीच धरायचं. पलीकडून हिरानो-साननी धरलं होतं. साठीचा माणूस. म्हणाले, जयेश-सान, मी माझ्या वडिलांचंही केलं नव्हतं. मी म्हटलं, मीही नाही." तो थांबला. "एवढासा होता, मैथिली. पंधरा मिनिटांत संपलं."

आई पडद्याकडे बघत होती. पडद्यावर कुणी बोलत नाहीये, एवढं कळायला जपानी यावं लागत नाही.

"घरी आल्यावर सांगायला कुणी नव्हतं. तू आत आली नव्हतीस. ऑफिसात हिरानो-सान होते. ते काही बोलायचे नाहीत. पण त्यांनी बघितलं होतं ना. म्हणून जायचो."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी या वेळी मागे वळून पाहिलं नाही.

आईने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग समोर बघतच म्हणाली, "जुई, बाबाला विचार, मला हाक का नाही मारली?"

जुईने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चौदा महिन्यांच्या सरावाने घासूनपुसून तयार होतं. आणि अचानक ती इतकी थकली, की ते पलीकडे ढकलायलासुद्धा तिच्यात जीव उरला नाही. शाळेच्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या वळणावर पाय दगड होतात, तशी तिची जीभ झाली.

"तूच विचार, आई," ती म्हणाली. "मला येत नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. जुईचे गाल ओले होते आणि ते पुसायचंही तिला सुचलेलं नव्हतं. आई बघतच राहिली. हिच्या आड आपण किती दिवस बसलो होतो, हे जणू तिला आत्ता दिसत होतं. मग ती पुढे वाकली आणि जुईच्या पलीकडे बघत म्हणाली,

"मला हाक का नाही मारलीस?"

"तू म्हणालीस, आपल्यात बायका जात नाहीत."

"आणि तू ऐकलंस." आईचा आवाज फाटला. "एरवी कधी माझं ऐकतोस रे?"

बाबाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, देव जाणे. "मला वाटलं, तुला नको असेल. जबरदस्ती कशी करू?"

"नकोच होतं. भीती वाटत होती मला. रीतबीत काही नव्हतं, हात धरून नेलं असतंस तर आले असते."

"मला काय माहीत?"

"तुला कसं माहीत असेल? मी सांगितलं कुठे?"

जुई उठली. वाकून, लोकांच्या आड न येता, ती सर्वांत मागच्या रांगेत गेली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. मागून दोन डोकी दिसत होती, मध्ये एक रिकामी जागा. डोकी एकमेकांकडे वळत होती, परत समोर जात होती, परत वळत होती. ऐकू काही येत नव्हतं. ऐकायचंही नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदाच तिला सुट्टी दिली होती. पडद्यावरच्या बायकोने समुद्राकडे तोंड करून बराच मोठा संवाद म्हटला, आणि त्यातलं एकही अक्षर जुईने कुणासाठी मराठीत आणलं नाही. ऐकता ऐकता तिला झोपच लागली.

जाग आली तेव्हा काळ्या पडद्यावरून पांढरी नावं वर सरकत होती. पुण्यात एव्हाना लोक पार्किंगला पोचले असते. इथे कुणी जागचं हललं नव्हतं, शेवटचं नाव जाईपर्यंत नऊच्या नऊ माणसं अंधारात बसून होती. मग दिवे लागले. म्हाताऱ्या बाई उठल्या, कोट चढवला आणि जाता जाता आई-बाबांच्या रांगेपाशी किंचित झुकल्या. आई-बाबांना ते दिसलं नसावं.

बाकीचेही गेले. ती दोघं बसूनच होती. आईचे डोळे सुजून लाल झाले होते आणि बाबा तिचा रुमाल वापरत होता. ती माणसं सुखी वगैरे अजिबात दिसत नव्हती. दोघंही कुठूनतरी फार लांबून चालत आल्यासारखी दिसत होती.

जुई पायऱ्या उतरून जवळ गेली आणि दोन रांगा मागेच थांबली.

"रजा किती शिल्लक आहे तुझी?" आई विचारत होती.

"छत्तीस दिवस."

"घेतलीच नाहीस?"

"कशाला घेऊ? घरी येऊन बोलणार कुणाशी?"

आईने उसासा सोडला. "शनिवारच्या विमानात अजून दोन जागा मिळतील?"

"जुईची शाळा आहे."

"आठ दिवस बुडाली तर काही बिघडत नाही. परत येताना तू एकट्या तिलाच कशाला आणायचंस? तिघं जाऊ, तिघं येऊ." ती थांबली. "म्हणजे, बाकी काही मी अजून ठरवलेलं नाही. समजून चाल."

"समजलो," बाबा म्हणाला.

तेवढ्यात झाडू आणि सुपली घेऊन एक मुलगी आत आली, जुईहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने त्या दोघांकडे पाहिलं, मग जुईकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, ते तुमच्याबरोबर आहेत का, पुढच्या खेळासाठी साफसफाई करायची होती.

"माझेच आहेत," जुई जपानीत म्हणाली. "पाच मिनिटं द्याल का? त्यांचं बोलणं चाललंय."

मुलीने मान तुकवली आणि मागच्या रांगेकडून झाडायला सुरुवात केली.