फोटो होईपर्यंत दिवा

आत्या सकाळपासून भावाच्या कोटाची विरलेली कोपरं रफू करत बसली होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, त्याला एकवीस वर्षं झाली. "कुणाला जड व्हायला नको," म्हणत तिने सुई हातात घेतली, ती खाली ठेवलीच नाही. एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्यात आता मोतीबिंदू.

"वहिनीचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे मलाही नेशील का रे?"

"कशाला, ताई? शिबिरात फुकट होतंय. तुला कुठे मिरवायचंय?"

तिला वाईट वाटलं. ते तिने नेहमीसारखं गिळलं. एक कोपर झालं होतं. दुसरं डोळा बरा झाल्यावर करीन म्हणाली.

शिबिराच्या इस्पितळात एक रीत होती. ऑपरेशन चालू असताना देणगीदार टेबलाशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. पैसे भरणाऱ्यांच्या वेळी असलं काही नसे. हे कौतुक फुकटवाल्यांच्याच वाट्याला! आत्याच्या डोळ्यात नवं भिंग बसलं, पण देणगीदार साहेबांचा पत्ता नाही. डॉक्टर हात आवरून थांबले. डोक्यावरच्या सूक्ष्मदर्शकाचा प्रखर दिवा तिच्या उघड्या डोळ्यात तसाच. थांबायचं असेल तर दिवा मंद करायचा, बुबुळावर ओला बोळा ठेवायचा, नाहीतर आतला पडदा भाजतो. हे सिस्टरला पाठ होतं. तिने बोळा उचललाही.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "फोटो नीट येणार नाही."

"फार उजेड आहे हो," कापडाखालून आत्या म्हणाली.

"आजी, हलायचं नाही. झालंच."

सिस्टरने बोळा खाली ठेवला. साहेब आले, हसले, चार शब्द बोलले. वीस मिनिटं गेली.

पट्टी सुटली तेव्हा आत्याला भावाचे कान दिसले, चेहरा दिसेना. मधोमध काळा डाग.

"वयाने होतं असं," डॉक्टर म्हणाले.

"फुकटात आणखी काय मिळणार!" भाऊ म्हणाला. अरे, सख्खी बहीण ना ती तुझी?

पुढच्या तपासणीला आत्याने सिस्टरला आवाजावरून ओळखलं. "बाई, त्या दिवशी डॉक्टर 'राहू दे' म्हणाले. काय करणार होतात तुम्ही?"

सिस्टरने सगळं सांगितलं, भावासमोर.

"मग ठेवलं का नाही?"



पुढच्या शिबिरात साहेब पुन्हा उशिरा आले. टेबलावर दुसरी कुणाची तरी आत्या होती. सिस्टरने न विचारता तिच्या डोळ्यावर बोळा ठेवला आणि दिवा बंद केला.

"अहो, फोटो?" साहेब म्हणाले.

"फोटो बाहेर काढा, साहेब. इथे डोळा उघडा आहे."

"नोकरी जाईल तुमची," डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

"जाऊ दे. मागच्या वेळी मी ऐकलं तुमचं."

भाऊ अजून तोच कोट घालतो. चारचौघांत बसला की फाटक्या कोपरावर दुसरा हात ठेवतो.