ढवळ्याचा खांदा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी ढवळ्या आहे. मला शिंगे नाहीत, शेपूटही नाही; तुमच्या मुठीत मावेन एवढाच मी. वर रुंद खांदा आणि त्याखाली छोटासा खुंट. मिलिंग मशीनवर गरगर फिरत मी धातूच्या दोन पट्ट्या घासून मऊ करतो आणि न वितळवता एकमेकींत ढवळतो. म्हणून हे नाव.

मला अमरावतीच्या अन्सारभाईंनी लेथवर कातले. रेखाटन त्यांच्या मुलीचे, उज्माचे. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवी.

परतवाड्याच्या कौशल्याबाईंची त्या वर्षी सगळी भिस्त संत्र्यांवर होती, कारण कापसाने पुन्हा दगा दिला होता. पण ऐन मे महिन्यात त्यांच्या पंपाच्या पेटीतला तांबे-अ‍ॅल्युमिनियमचा सांधा सारखा जळे. पाणी थांबे, झाडे माना टाकत. शेवटी जळका सांधा घेऊन त्या अन्सारभाईंच्या लेथच्या दुकानात आल्या आणि उज्माला म्हणाल्या,

"पोरी, या दोघायचं पटतच नाही. मी न् माही सासू जशी."

"पटवून देतो, काकू," उज्मा म्हणाली.

पहिल्यांदा तिने मला दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उतरवले. जोडपट्टी झाली, पण वाकवताच काडकन मोडली.

"दे फेकून. दुसरा कातून देतो," अन्सारभाई म्हणाले.

"थांबा अब्बा, हा काहीतरी सांगून राहिला."

तिने मला भिंगाखाली धरले. माझ्या खाचांत तांब्याचे कण अडकले होते. मी तांबे फारच खरवडले होते. मग तिने माझा खुंट निमुळता केला आणि मला मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला सरकवले. तांब्याला फक्त पुसटसा स्पर्श. या वेळी पट्टी वाकली, पण मोडली नाही. मी अजून गरम होतो, तरी उज्माने मला ओढणीत धरून नाचवले.

तो सांधा टिकला, बाग तरारली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे चोळतात त्या दिवशी, कौशल्याबाई वाटीत हळद-लोणी घेऊन दुकानात आल्या.

"अन्सारभाई, फोनवर म्हणे ढवळ्यानं काम केलं. कुठी हाय तुमचा बैल?"

अन्सारभाईंनी मला पुढे केले. बाई पोट धरून हसल्या.

"एवढुसा? पण खांदा हाय न बाप्पा!" आणि त्यांनी खरोखरच माझ्या खांद्याला लोणी चोळले.

"पुसू नका, अब्बा," उज्मा म्हणाली. "गंज नाही चढत त्यानं."

आता माझा खुंट झिजला आहे. मित्रांनो, काम झाले की तुमच्या अवजारांच्या खाचा साफ करा, त्यांना तेलाचे बोट लावा. माझा खांदा अजून चकचकीत आहे. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी कौशल्याबाईंची वाटी येते आणि बैलाला देतात तेच आमंत्रण त्या माझ्या कानाशी देतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."