अंगठ्याला बांधलेली दोरी

“चाचा, ते फरफर काई जाऊन नाई राहिली,” सुगत म्हणाला आणि त्यानं गिटारची सगळ्यात जाड तार पुन्हा ओढली.

“काहून? मले तं साफ वाटून राहिलं,” ताहेर म्हणाला.

बेस गिटार आणि तिचा ॲम्प घेऊन सुगत सकाळच्या बसनं अमरावतीहून अकोल्याला आला होता. संध्याकाळी नांदगाव खंडेश्वरला त्याच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. ताहेरचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यानं नेहमीसारखं सगळं पाहिलं होतं. आधी वायर बदलली. मग ॲम्पच्या पेटीतला स्पीकर बाहेर काढून त्याच्या दोन टोकांना सेल टेकवला. कागदी कोन टुणकन पुढे आला. बोटं पसरून कोन दाबला, आतली कॉइल कुठे घासत नव्हती. सोल्डरचा एक टाका काळा पडला होता, तो नवा मारला आणि स्पीकर पेटीत परत बसवला.

पडद्याआड त्याची सून गजाला कणीक मळत होती. तिला फरफर स्पष्ट ऐकू येत होती. मांडणीतल्या ताटल्या तर वाजत नाहीत ना, म्हणून तिनं त्यांच्यावर हात ठेवूनही पाहिला. ताटल्या वाजत नव्हत्या.

शेजारी लुगड्याच्या झोळीत अनीसा झोपली होती. झोळीची दोरी पडद्याखालून दुकानात गेलेली, ताहेरच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हातात सोल्डर आणि पायानं नातीला झोका, याचं गल्लीत कौतुक होतं. गजालालाही होतं. पण मागच्या आठवड्यात ती मोरीत कपडे धूत असताना अनीसा जिवाच्या आकांतानं रडायला लागली. गजाला धावत आली, तर ताहेर टाक्यावर वाकून शांत बसलेला. मग पोरीनं पाय झाडले, दोरी ताणली गेली आणि तो एकदम उठला. ओले कपडे हातात धरून गजाला दारातच थांबली. जाड आवाज त्याला अजून येत होते. बारीक आवाज गेले होते.

हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मेकॅनिकचा कान गेला, हे एकदा बाजारात पसरलं की त्या दुकानाची पायरी कोण चढणार!

“अमरावतीचे पोट्टे म्हणे, नवा स्पीकर टाक, अकोल्याले काहून जातं,” सुगत सांगत होता. “मी म्हटलं, तिथं आपले ताहेरचाचा हायेत. आता स्टेजवर इज्जत नका जाऊ देऊ, चाचा.”

“तुई तारच ढिली असन.”

गिऱ्हाइकाच्या वाद्याला नाव ठेवताना गजालानं त्याला आजवर ऐकलं नव्हतं. सुगत गिटार पिशवीत घालू लागला.

गजालानं कणकेच्या हातानंच दोरी धरली आणि दोनदा ओढली.

ताहेर वळला. पडद्याच्या फटीतून तिनं नुसती मान हलवली. नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात दोरीच्या गाठीकडे गेला. आता हा गाठ सोडणार, असं तिला वाटलं. त्यानं गाठ चाचपली आणि तशीच ठेवली.

“थांब रे बाप्पा,” तो सुगतला म्हणाला. “वाजव. मी म्हणेपर्यंत थांबू नको.”

पुढची जाळी काढून त्यानं बोट कोनावर टेकवलं. काठापासून सुरुवात केली. मधल्या गोल टोपीच्या कडेशी बोट थबकलं.

“टोपी उकलली हाय एका बाजूनं. माशी बसल्यावानी गुदगुल्या करून राहिली बोटाले.”

“मंग मी कवाचा काय बोंबलून राहिलो?”

“तू फरफर म्हणत व्हता. जागा कुठं सांगत व्हता?”

दोघंही हसले. ताहेरनं फटीत गोंद भरला आणि तो धरेपर्यंत टोपी दाबून बसला. चहा झाला.

“हं, वाजव आता.”

सुगतनं जाड तार ओढली. ताहेर स्पीकरकडे बघतच नव्हता. तो दोरी बांधलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

नेमकी आत अनीसा जागी झाली. दोन्ही पायांनी झोळी ढकलू लागली. गजालानं दोरी मुठीत घट्ट आवळली. तार वाजत राहिली, भरीव, स्वच्छ. पडद्याखाली दोरी जागची हलली नाही.

“साफ,” ताहेर म्हणाला. “घेऊन जा.”

ॲम्प खांद्यावर घेऊन सुगत गल्लीच्या वळणाशी दिसेनासा झाला, तेव्हा गजालानं मूठ सोडली. पीठ लागलेली दोरी सरसरत पडद्याखाली गेली.

“उठ गयी क्या मेरी गुड़िया?” पलीकडून ताहेर म्हणाला.