सुनेचा आजार, सासूचा व्हिसा

आशालताबाईंना न्यूझीलंडमध्ये राहायचं होतं आणि त्यासाठी त्यांच्या सुनेचं डोकं बिघडलेलं असणं आवश्यक होतं. आता बोला!

झालं होतं असं, की आई-वडिलांसाठीची रेसिडेन्सी सरकारने आदल्या वर्षी बंद केली होती. बाई व्हिजिटर व्हिसावर ये-जा करत होत्या, तोही संपला आणि पुढचा मिळाला नाही; उरलं होतं फक्त अपील. पुण्यातला फ्लॅट नवरा गेल्यावर लगेच विकलेला. मुलगी स्नेहलता नाशिकला, पण बाईंनी सगळ्या नातेवाइकांत ठणकावून ठेवलं होतं, "जावयाच्या घरात एक दिवस राहणार नाही." म्हणजे परत जायचं तर जायचं कुठे?

"आईला एकटं वाटतं, एवढ्यावर अपील टिकत नाही," वकील म्हणाला. "त्या गेल्या तर इथल्या माणसांचं काय नुकसान होईल ते दाखवा."

गुरुनाथ, म्हणजे मुलगा, घाईघाईने म्हणाला, "अक्षतच्या वेळी कांचनला डिप्रेशन आलं होतं."

वकिलाने तेव्हा कुठे पेन उचललं. सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट आणा म्हणाला. सून आजारी होती, सासूने सांभाळलं, सासू गेली तर आजार उलटेल, असं तज्ज्ञाने लिहून दिलं पाहिजे.

हे ऐकून कांचनच्या अंगाची लाही लाही झाली. सासूने सांभाळलं म्हणे! दोन वर्षांपूर्वी, पोरिरुआच्या ह्याच घरात, तान्ह्या अक्षतला कुशीत घेऊन ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि पलीकडच्या खोलीतून स्नेहलताला रोज फोन चाललेला ऐकायची. इथल्या लाकडी भिंती त्या काय! "नाटकं आहेत गं सगळी. कामाचा कंटाळा. आम्ही नाही पोरं काढली? मी तर बँकेत परत रुजू झाले होते." स्नेहलताकडून ते साऱ्या सासरी पोचलं. कांचन स्वतः फार्मसिस्ट. डिप्रेशनच्या गोळ्या ती दिवसभर काउंटरवर लोकांना समजावून द्यायची, आणि स्वतःच्या मात्र लोअर हट ह्या दुसऱ्या गावी जाऊन आणायची, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

"एक तास बोलायचंय फक्त," गुरुनाथ म्हणाला.

"मी का बोलू?"

"आई आहे माझी."

"आणि मी कोण होते रे तेव्हा?"

त्याने धुतलेला मग पुन्हा धुवायला घेतला. तो कायम असाच. दोन बायकांचं वाजलं की ह्याचे हात सिंकमध्ये.

तरी कांचन गेली. एक तर पाच वर्षांची ऋग्वेदा रोज विचारत होती, "इज आजी गोइंग फॉरेव्हर?" आणि खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. जे कुणालाच सांगता आलं नव्हतं ते एकदा कुणापुढे तरी सांगायचं होतं, आणि ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

सायकॉलॉजिस्ट बाई साठीच्या, शांत. आधी एकेकट्याशी बोलल्या, मग सगळ्यांना एकत्र बसवलं. आशालताबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई, इंग्रजी बोलायला लाजायची पण कळायचं सगळं.

"सगळ्यात वाईट दिवस कोणता?" सायकॉलॉजिस्टने विचारलं.

कांचन बोलायला लागली. जुलै महिना होता, म्हणजे इथला कडाक्याचा हिवाळा. अक्षत तीन आठवड्यांचा. त्याला गाडीत घालून ती टिटाही बेच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली. त्याला सीटमध्येच ठेवलं, काच थोडी उघडी ठेवली आणि कपड्यांनिशी पाण्यात चालत गेली. कमरेपर्यंत. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा ओरडला, "यू ऑलराइट, लव्ह?" तेव्हा पाय थांबले. तो ओरडला नसता तर थांबले नसते. सांगताना तिचे दात वाजायला लागले, त्या दिवशी वाजले होते तसेच. गुरुनाथचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला आजपर्यंत काही माहीत नव्हतं.

"घरी आल्यावर?"

घरी आल्यावर ओल्या कपड्यांकडे बघून आशालताबाई म्हणाल्या होत्या, "लाज नाही वाटत? बाळंतीण बाई, समुद्रावर मजा मारायला जातेस!"

कांचनने एकदा सासूकडे पाहिलं.

"घरी आल्यावर आईंनी काही न विचारता कपडे बदलायला लावले," ती म्हणाली. "आल्याचा चहा करून दिला. जवळ बसून राहिल्या. त्यांनीच सावरलं मला."

तासाभरात तेवढंच खोटं बोलली ती.

परतताना गुरुनाथ गाडी चालवत होता. मोटरवेला लागल्यावर मागच्या सीटवरून आशालताबाईंनी कांचनच्या खांद्यावर थाप मारली. खूश होत्या.

"चहाचं बरं लक्षात ठेवलंस हो. मी विसरूनच गेले होते. आणि ते समुद्राचं तर काय, बाई गं! दात काय वाजवलेस! नाटक करावं तर तुझ्यासारखं."

गुरुनाथ म्हणाला, "आई, गप्प बस." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल. पण फार उशीर झाला होता.

आठवड्याने रिपोर्ट आला. सोबत संमतीपत्र. कांचनने सही केली तरच रिपोर्ट वकिलाकडे जाणार होता, आणि अपिलाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. तिने कागद डायनिंग टेबलवर ठेवला, पेन ठेवलं आणि सासूला बोलावलं.

"मी सही करते, आई. आधी स्नेहलताताईंना फोन लावा. स्पीकरवर. कांचन खरंच आजारी होती, ते नाटक नव्हतं, एवढं एक वाक्य बोला."

"हे बघ, माझ्यावर दादागिरी—"

"एकच वाक्य. माफी नकोय मला."

गुरुनाथ म्हणाला, "आई, बोलून टाक ना. काय जातं तुझं?"

काय जातं! त्याला काय माहीत. हीच बाई सख्ख्या बहिणीला, वासंतीला, बांगडीवरून चोर म्हणाली होती. बांगडी आठ दिवसांत गादीखाली सापडली, शब्द मात्र मागे घेतला नाही. वासंती वारली तेव्हासुद्धा ही घरात बसून राहिली. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

तरी फोन लावला त्यांनी. नाशिकला सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी झाली. "हं, आई, बोल. झालं का काम?"

आशालताबाईंनी कागदाकडे पाहिलं. दाराशी ऋग्वेदा अक्षतच्या पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालत होती, उलट्या. त्या दोघांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, डोळे भरून आले. कांचनला वाटलं, बोलतात आता. तिने पेन उचललं. बोला हो, तिच्या मनात आलं, बोला, मी सही करते, रागही सोडते, सगळं सोडते.

"आई? आहेस ना?"

आशालताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"स्नेहा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे का गं?"