पीथमपूरपर्यंतची ट्रायल

गजाननरावांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि पांढऱ्या गाडीच्या दारांवर, मडगार्डवर, चाकांच्या वरच्या पत्र्यावर फिरवून पाहिलं. आत पुट्टी भरलेली असली की चुंबक धरत नाही, हे त्यांनी सुरेशभाईंना परत एकदा समजावून सांगितलं. सुरेशभाईंचं अशोका गार्डन भागात जुन्या गाड्या विकायचं दुकान होतं, आणि हे पिपलानी वसाहतीतले रिटायर्ड अंकल बरेच दिवस रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या एकेका गाडीची अब्रू काढत होते. एकीच्या इंजिनाला खोकला होता, एकीचा तळ गंजला होता, एकीचं दार कुणीतरी बदललं होतं. ही पांढरी मात्र तावडीतून सुटली. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर आडवे होऊन गजाननराव तिच्या खालूनही जाऊन आले. शर्टाची पाठ मळली, पण चेहरा खुलला होता.

"तो पक्की समझूँ, अंकल?"

"ट्रायल के बाद."

"हाँ तो ले लीजिए ना. रायसेन रोड तक हो आइए."

"पीथमपुर तक," गजाननराव म्हणाले. "और वापस. मंगलवार को."

सुरेशभाईंना वाटलं, अंकल गंमत करतायत. पण हा माणूस गंमतीतला नव्हता. कारखान्यात त्यांची उभी हयात टेस्टिंगला गेली होती. रिकामी फिरवली तर कुठलीही मोटर गोड फिरते, पूर्ण लोड टाकून दिवसभर चालवा, मग ती आपलं खरं रूप दाखवते, असं ते म्हणत. लोडवर न चालवलेलं यंत्र त्यांनी कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं, मग साहेब कितीही डोळे वटारोत. बरीच हुज्जत झाली. शेवटी आपली स्कूटर दुकानात तारण ठेवून ते सिटी बसने घरी आले.

या गाडीवर त्यांनी फार भिस्त ठेवली होती. मुलाच्या, निनादच्या कंपनीने इंदूरच्याही पुढे पीथमपूरला कारखाना काढल्यापासून त्याला आठवड्यातून एक-दोनदा तिकडे जावं लागे. रेल्वे आणि बसच्या वेळा कंपनीच्या वेळेशी जुळत नव्हत्या. तिकडे मुक्काम करायला त्याचं मन घेत नसे, कारण त्याची लेक सई, बाबा आल्याशिवाय जेवायची नाही. मग घरातली एकुलती एक गाडी तो नेई आणि त्याची बायको सुरुची हिची कामावर जायची पंचाईत होई. दिवाळीत जेवता जेवता सुरुचीने हळूच विषय काढला होता, की कंपनी याला तिकडे कायमचंच बोलावतेय, आणि इंदूरला मलाही काम मिळेल. निनादची आई, सुलभाबाई, वाढत होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, आत गेल्या आणि डोळे पुसूनच बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी गजाननरावांनी जाहीर करून टाकलं, आपण दुसरी गाडी घेऊ, विषय संपला.

बायकोचं आपलं निमित्त. सकाळी सईचं बोट धरून तिला शाळेत सोडायचं आणि वाटेत तिच्या सतराशे साठ प्रश्नांना उत्तरं द्यायची, एवढ्यासाठीच त्यांना हल्ली उठावंसं वाटत होतं. ती गेली तर आपलं काय होईल, याची त्यांना सरळ सरळ भीती वाटत होती.

आदल्या रात्री दुकानातून आणून ठेवलेली गाडी घेऊन मंगळवारी उजाडायच्या आत बापलेक निघाले. चालवायला निनाद, शेजारी गजाननराव. कान इंजिनाकडे आणि तळहात डॅशबोर्डवर, कुठे थरथर लागते का बघायला. सिहोर गेलं, आष्टा गेलं, सोनकच्छला पोहे-जिलेबी झाली. गाडीने बोट ठेवायला जागा दिली नाही. चढावर तिला दम लागला नाही, देवासला ट्रकांच्या रांगेत सरकताना ती तापली नाही. गजाननराव थोड्या थोड्या वेळाने "झकास" म्हणत आणि निनाद "हूं" म्हणे. कंपनीच्या फाटकाशी उतरताना त्याने विचारलं, बाबा, तुम्ही दिवसभर करणार काय? ते म्हणाले, बॉनेट उघडून बसतो, तू तुझं काम बघ.

आणि खरोखरच बसले. समोरच्या टपरीवर चहा प्यायले, दोन ट्रक ड्रायव्हरांना बोलावून इंजिनाचा आवाज ऐकवला, दुपारी लिंबाच्या सावलीत डबा खाल्ला. सुलभाबाईंचा फोन आला तेव्हा म्हणाले, रत्न आहे रत्न, आता तुझी माणसं कुठे जात नाहीत. फोनवर सुलभाबाई हसल्या. ते हसणं त्यांनी दिवाळीनंतर ऐकलंच नव्हतं. आपण एक मोठं काम मार्गी लावलं, असं त्यांना वाटलं.

निनाद बाहेर आला तेव्हा उन्हं उतरली होती. बसल्याबरोबर त्याने बाजूची काच पूर्ण खाली केली. डिसेंबरचं गार वारं आत घुसलं. गजाननरावांनी मफलर गुंडाळत कारण विचारलं, तर म्हणाला, झोप येत नाही मग. बॅगेतून लवंगांची पुडी काढून त्याने एक दाढेखाली धरली. देवास मागे पडलं, अंधारून आलं आणि समोरून ट्रकांचे दिवे थेट डोळ्यांत येऊ लागले.

"बाबा, काहीतरी बोलत राहा ना," निनाद म्हणाला. "काहीही चालेल."

गजाननराव बोलत राहिले. कारखान्यातल्या एका खडूस फोरमनची हकिगत अगदी रंगात आली असतानाच डावीकडची चाकं रस्ता सोडून खडीवर करकरली. निनादने झटक्यात गाडी सावरली. फोरमन तिथेच राहिला. सोनकच्छच्या पुढे एका ढाब्यापाशी निनादने गाडी बाजूला घेतली.

"बस दस मिनट, बाबा. मग निघू."

चष्मा काढून त्याने खिशात टाकला, सीट मागे पाडली, मोबाईलवर गजर लावून तो छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. हे सगळं त्याने इतक्या सराईतपणे केलं की गजाननराव बघतच राहिले. म्हणजे हा दर खेपेला असाच कुठेतरी रस्त्याच्या कडेला झोपतो. एकटा. मग घरी येतो, सईला भरवतो, हसतो-बोलतो, आणि सकाळी पुन्हा कामावर जातो. आईचे डोळे भरून आले म्हणून या पोराने एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

गजर वाजायच्या आत गजाननरावांनी मोबाईल अलगद उचलून बंद केला. त्यांना स्वतःचाच राग आला. गाडीचा पत्रा न् पत्रा तपासला होता त्यांनी. सगळा लोड ज्याच्यावर पडणार होता, त्याच्याकडे बघायचं मात्र राहूनच गेलं होतं. निनादच्या कानाजवळचे केस पिकलेले त्यांना ढाब्याच्या उजेडात पहिल्यांदाच दिसले. त्यांनी आपला मफलर काढून त्याच्या गळ्याभोवती टाकला.

निनाद दचकून जागा झाला तेव्हा बराच वेळ होऊन गेला होता. उठवलं का नाहीत, म्हणून तो चिडलाच.

"उतर. मी चालवतो," गजाननराव म्हणाले.

हायवेवर, अंधारात, या वयात, असं बरंच तो म्हणाला. पण गजाननराव तोवर वळसा घालून त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. पहिले काही मैल ट्रकांनी त्यांना हॉर्न मारून मारून हैराण केलं. मग हात बसला.

"मग, गाडी पास?" आष्ट्याचे दिवे दिसू लागल्यावर निनादने विचारलं.

"पास."

"म्हणजे घ्यायची."

"घ्यायची. पण तू नाही चालवायचीस." गजाननरावांनी एका ट्रॅक्टरला वाट दिली. "तुम्ही इंदूरला घर बघा. घरची गाडी घेऊन जा. ही राहील आम्हाला. महिन्यातून दोन-तीनदा येऊ की. मला कुठे वेळेवर हजर व्हायचंय, थांबत थांबत येऊ."

निनादने त्यांच्याकडे वळून पाहिलं. म्हणाला, "आणि आईला?"

"मी सांगतो." गजाननरावांनी गिअर बदलला. "घर तळमजल्याचं बघा. तिला जिने चढवत नाहीत."

गाडी गल्लीत शिरली तेव्हा सुलभाबाई फाटकातच उभ्या होत्या. मागे सुरुचीच्या कडेवर सई पेंगुळली होती. चालवायच्या बाजूने नवरा उतरला आणि दुसऱ्या बाजूने मुलगा, हे बघून त्या चकित झाल्या.

"हे काय? तुम्ही चालवत आलात?"

"सवय करून घेतोय," गजाननराव म्हणाले.

सुलभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग निनादकडे. तो सईला घ्यायला पुढे झाला होता आणि आईची नजर चुकवत होता. मग सुलभाबाई गाडीपाशी आल्या, पुढच्या डाव्या दारातून आत वाकल्या आणि सीट हाताने दाबून पाहिली.

"ही मागे सरकते ना हो?" त्यांनी विचारलं. "इंदूरपर्यंत माझे गुडघे आखडतील."